ग्रंथप्रेमी नृपती : श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड

थोर पुरुषांची चरित्रे आपण वाचतो ती केवळ त्यांचा जयजयकार करण्यासाठी वाचू नयेत. त्यांनी ज्या अडचणींतून वाट काढली त्याच अडचणी वेगळ्या वेषात आपल्या दारी उभ्या असतात आणि त्यांच्या वाटेने आपल्यालाही दोन पावले टाकता येतात, म्हणून ती वाचावयाची. चरित्रनायक कोणत्या ज्ञातीत जन्मला याचा विचार न करता, ज्याचे कार्य आज आपल्या गावाला उपयोगी पडेल असा पुरुष निवडावा, असे आम्ही या वर्षी ठरविले. आपल्या मंठा तालुक्यात व एकंदर मराठवाड्यात गावोगावच्या वाचनालयांची जी ओढाताण चालली आहे ती पाहता, बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचे चरित्र आम्हास या स्मरणिकेसाठी सर्वांत समयोचित वाटले.

सयाजीराव महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे या खेड्यात झाला. पाळण्यातील नाव गोपाळ. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील, आई उमाबाई. घर शेतकऱ्याचे. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या मुलाला अक्षरओळखही नव्हती. आपल्याकडील असंख्य शेतकरी मुलांप्रमाणे नांगर, बैल आणि पाऊस एवढ्यातच त्याचेही आयुष्य सरले असते. परंतु दैवाची गती निराळी होती.

१८७५ साली मल्हारराव गायकवाडांना इंग्रज सरकारने पदच्युत केले आणि कै. खंडेराव महाराजांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून आणलेल्या मुलांतून जमनाबाईंनी गोपाळची निवड केली व २७ मे १८७५ रोजी दत्तकविधी होऊन तो सयाजीराव तिसरा या नावाने बडोद्याच्या गादीवर बसला. राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती आणि बालराजाचे शिक्षण इलियट या इंग्रज शिक्षकाच्या हाती देण्यात आले. ज्या वयात इतर मुले इंग्रजी शाळेत जाऊ लागतात त्या वयात हा मुलगा धुळाक्षरे गिरवू लागला. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा त्याने थोड्या वर्षांत आत्मसात केल्या. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्याच्या हाती संपूर्ण राज्याधिकार आले.

आमच्या मते महाराजांच्या पुढील साऱ्या कर्तृत्वाचे बीज या उशिरा मिळालेल्या अक्षरात आहे. ज्याला अन्न सहज मिळते त्याला भुकेची किंमत कळत नाही. तद्वत् ज्याच्या घरी पिढ्यानपिढ्या पोथ्या आहेत त्याला पुस्तकावाचून राहणे म्हणजे काय हे कळणे कठीण. बारा वर्षे निरक्षर राहिलेल्या या राजाला ते पुरेपूर कळले होते. म्हणूनच त्यांनी आरंभीच्या काळातच अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा उघडल्या. १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व संस्थानाला लागू केले. ब्रिटिश हिंदुस्थानात नामदार गोखले यांनी असेच विधेयक १९११ साली मांडले, ते सरकारने पुढे येऊ दिले नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या कार्याचे मोल ध्यानात येते. मध्यंतरी १८९९-१९०० चा, गुजरातेत छप्पन्नचा म्हणून ओळखला जाणारा भीषण दुष्काळ पडून गेला होता. प्रजा खंगली होती, खजिन्यावर ताण पडला होता. तरी शिक्षणाचा खर्च म्हणजे सुबत्तेच्या काळातील चैन असे महाराजांनी मानले नाही.

परंतु शाळा काढल्या म्हणजे काम संपले असे त्यांस वाटेना. खेड्यातील मूल चार इयत्ता शिकून शेतावर जाते. घरी पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र येत नाही. पाच-सात वर्षांत शिकलेले अक्षर पुसून जाते आणि शाळेवर केलेला खर्च मातीत मिळतो. बी पेरून पाणी न देण्यासारखाच हा प्रकार. यावर एकच उपाय होता. तो म्हणजे गावातच वाचनाची सोय. महाराजांनी १९०६ व १९१० साली अमेरिकेचा प्रवास केला. तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी डोळसपणे पाहिली आणि न्यू हेवन येथील विल्यम बॉर्डन या अनुभवी ग्रंथपालास बडोद्यास बोलावून घेतले. बॉर्डनसाहेब १९१० साली आले व तीन वर्षे राहिले.

या तीन वर्षांत जे उभे राहिले त्यास हिंदुस्थानात तोड नव्हती. महाराजांनी राजवाड्यातील आपला सुमारे वीस हजार ग्रंथांचा खाजगी संग्रह प्रजेच्या स्वाधीन केला व त्यावर मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी झाली. त्यात स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र विभाग ठेविले. ग्रंथालयांचे एक वेगळे सरकारी खातेच निर्माण केले. ग्रंथपालांना शिकविण्यासाठी वर्ग सुरू झाले. १९१२ साली ग्रंथालयविषयक नियतकालिकही निघू लागले व त्यात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूरही येत असे. लोकांना कळेल अशा भाषेत पुस्तके तयार व्हावीत म्हणून महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढले व त्याच्या व्याजातून मराठी आणि गुजरातीत ग्रंथमाला चालविल्या. संस्कृत ग्रंथांच्या संशोधित आवृत्त्यांची गायकवाड प्राच्य ग्रंथमाला १९१६ पासून सुरू झाली, ती विद्वानांच्या जगात आजही आदराने पाहिली जाते.

ज्या गावी वाचनालय निघणे शक्य नव्हते त्या गावासाठी फिरती वाचनालये होती. पंधरा ते तीस पुस्तके मावतील अशी मजबूत लाकडी पेटी, तिला कुलूप, आणि पेटीबरोबर पुस्तकांची यादी. ती पेटी गावातील शिक्षकाच्या वा एखाद्या जबाबदार गृहस्थाच्या स्वाधीन करावयाची. गावाने पुस्तके वाचून झाली की पेटी परत जावयाची व दुसरी यावयाची. ने-आण करण्याचा भार खाते सोशी. लेखन-वाचन न येणाऱ्यांसाठी जादूचा कंदील व हलत्या चित्रांचे खेळ दाखविले जात. ग्रंथालय हे केवळ पंडितांचे स्थान आहे, ही समजूत या एका पेटीने मोडून काढली.

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी हे चरित्र मुख्यतः लिहावयास घेतले त्या गोष्टीकडे वळतो. बडोद्याच्या या योजनेचा आत्मा तिच्या इमारतींत वा परदेशी तज्ज्ञांत नव्हता. तो तिच्या हिशेबात होता. नियम असा होता की, गावाने वर्षाकाठी २५ रुपये वर्गणी जमविली की तितकेच २५ रुपये प्रांत पंचायतीने द्यावयाचे आणि आणखी २५ रुपये सरकारने द्यावयाचे. गावाने अधिक जमविले तर त्या प्रमाणात बाकीचे दोन वाटेही वाढावयाचे. खेड्यासाठी ही मर्यादा १०० रुपयांची, मोठ्या गावासाठी ३०० ची व प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी ७०० ची होती. म्हणजे खेड्याने शंभर उभे केले की वाचनालयाच्या पेटीत तीनशे पडत. इमारत बांधावयाची तरी खर्चाचे असेच तीन वाटे. वाचनालय मात्र सर्वांना खुले असले पाहिजे.

आपल्या घरातील चूल तीन दगडांची असते. एक दगड काढला की भांडे कलंडते. आणि दोनच दगड कितीही मोठे आणून ठेविले तरी भांडे नीट बसत नाही. महाराजांची योजना अशीच तीन दगडांची होती. सरकार होते, स्थानिक पंचायत होती, आणि गाव होते. यात विशेष हे की, पहिला दगड गावाने ठेवावयाचा होता. गावाने २५ रुपये जमविले म्हणजे दहा-वीस घरांनी खिशात हात घातला. ज्याने चार आणे दिले तो पुस्तके आली की नाहीत हे विचारावयास जाणारच. असे विचारणारे लोक असले म्हणजे संस्था झोपत नाही आणि सरकारलाही आपला वाटा टाळता येत नाही.

लोकांचा हा सहभाग महाराजांच्या हुकुमाने निर्माण झाला असेही कोणी समजू नये. बॉर्डनसाहेब येण्यापूर्वीच, १९०६ च्या सुमारास, मोतीभाई अमीन या शिक्षकाने मित्रमंडळ या नावाने गावोगाव लहान वाचनालये काढण्याचा उद्योग आरंभिला होता. त्याच्यापाशी ना पैसा ना अधिकार. परंतु तरुण मंडळी गोळा करून, वर्गणी काढून, गावात वर्तमानपत्र आणण्यापासून त्याने सुरुवात केली. महाराजांचा मोठेपणा असा की, त्यांनी या कार्यकर्त्याला बाजूला सारले नाही. उलट त्याला आपल्या ग्रंथालय खात्यात घेऊन गावोगावच्या वाचनालयांचे काम त्याच्या हाती दिले. बॉर्डनसाहेब १९१३ साली मायदेशी परतले तेव्हा योजना कोलमडली नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर या महाराष्ट्रीय गृहस्थाने ती पुढे चालविली व नंतर न्यूटन दत्त यांनी ती वाढविली. महाराजांच्या अखेरच्या काळात संस्थानात हजाराहून अधिक लहानमोठी वाचनालये होती. सुमारे वीस-पंचवीस लाख वस्तीच्या राज्यात ही संख्या किती मोठी हे सुज्ञांस सांगणे नलगे.

याच सुमारास सातासमुद्रापलीकडे अँड्रयू कार्नेगी हा पोलादाचा धनाढ्य कारखानदार अमेरिकेत व इंग्लंडात शेकडो ग्रंथालयांना इमारती बांधून देत होता. त्यानेही एक अट घातली होती. जागा गावाने द्यावयाची व देणगीच्या एकदशांश इतकी रक्कम दरवर्षी गावाने ग्रंथालय चालविण्यासाठी खर्च करावयाची. एक उद्योगपती आणि एक हिंदी राजा, दोघेही स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षास आले, हे मननीय आहे. दानाने इमारत उभी राहते. ती चालती ठेवावयाची तर ज्यांच्यासाठी ती आहे त्यांचा हात लागावा लागतो.

महाराजांच्या इतर कार्याचा येथे केवळ उल्लेख करणे शक्य आहे. १९०४ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा, १९३१ चा घटस्फोटाचा कायदा, वैदिक विधी व पौरोहित्य यांतील सुधारणा, बँक, रेल्वे, कलाभवन या संस्थांची उभारणी, अशी ही यादी बरीच लांबेल. १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणास त्यांनी कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. त्या एका शिष्यवृत्तीतून देशाला राज्यघटनेचा शिल्पकार लाभला, आणि आपल्या मराठवाड्याला १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या रूपाने उच्च शिक्षणाचे दार उघडून मिळाले. बडोद्यात पेरलेले बी असे गोदावरीच्या खोऱ्यात उगवले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई मुक्कामी महाराजांचे निधन झाले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य गेले, मध्यवर्ती ग्रंथालय मात्र वाचकांसाठी उघडेच राहिले.

महाराजांच्या काळी आपला मंठा परिसर निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात मोडत होता. बडोद्याच्या खेड्यात पुस्तकांची पेटी जात होती तेव्हा आपल्याकडे मराठी शाळेचीही वानवा होती. राज्यभाषा उर्दू, खाजगी शाळा काढण्यास सरकारी परवानगी लागे, सभेस परवानगी लागे. अशा काळात मराठवाड्यातील मंडळींनी जी मराठी वाचनालये चालविली ती कोणत्याही अनुदानावर चालविली नाहीत. कोणी ओसरी दिली, कोणी कंदिलाचे तेल दिले, कोणी पुण्याहून आलेले वर्तमानपत्र वाचून दाखविले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो, त्याच्या मागे या ओसऱ्यांचेही पुण्य आहे.

पुढे कायदे झाले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली, मद्रासने १९४८ साली व हैदराबाद राज्याने १९५५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. मद्रासच्या कायद्याने मालमत्ताकराबरोबर ग्रंथालयासाठी वेगळा कर बसविला. आपल्या कायद्यात तशी तरतूद नाही. येथे ग्रंथालय काढावयाचे लोकांनी, आणि शासनाने अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे त्यास अनुदान द्यावयाचे, अशी ही रचना आहे. तिच्यामुळे राज्यात हजारो ग्रंथालये झाली हे श्रेय मान्य केलेच पाहिजे. परंतु हळूहळू चुलीचा एक दगड निसटला. वर्गणीदार कमी झाले, पंचायतीचा वाटा नाममात्र राहिला, आणि अनेक ग्रंथालयांचा सारा भार शासनाच्या एका दगडावर आला.

याचा परिणाम आपण पाहिला आहे. २०१२ साली राज्यातील ग्रंथालयांची महसूल खात्यामार्फत पडताळणी झाली व त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता मिळणे बंद पडले. अनुदानाचे दर वर्षानुवर्षे तेच राहिले; कागद, पुस्तके, वीज यांच्या किमती मात्र थांबल्या नाहीत. २०२० व २०२१ च्या महासाथीत ग्रंथालयांची दारे महिनोन्‌महिने बंद राहिली, अनुदान उशिराने व अपुरे हाती आले. २०२२ साली शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय घेतला, त्याने काहीसा दिलासा मिळाला. तरीही ग्रंथपालाचे मानधन एवढे अल्प असते की, त्यावर घर चालविणे कठीण. सायंकाळी दार उघडण्यासाठी तो येतो तो बहुधा कर्तव्यबुद्धीनेच.

येथे एक शंका घेतली जाते व ती रास्त आहे. लोकांनीच पैसे दिले तर शासन अंग काढून घेणार नाही काय? इंग्लंडात २०१० नंतर स्थानिक संस्थांचा निधी आटला, शेकडो ग्रंथालये बंद पडली, आणि कित्येक ठिकाणी गावकऱ्यांनी विनावेतन काम करून ती चालू ठेविली. तेथील लोकांच्या निष्ठेचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु सरकारचा वाटा गेला आणि लोकांचा तेवढा उरला, ही काही इष्ट स्थिती नव्हे. बडोद्याचा नियम याहून निराळा होता. तेथे गावाची वर्गणी ही सरकारच्या वाट्याची बदली नव्हती, ती त्या वाट्यावरील हक्काची पावती होती. गावाने दिले की सरकारने दिलेच पाहिजे, असे ते बंधन होते. म्हणून आपण वर्गणी द्यावी, आणि ती देऊन पंचायतीकडे व शासनाकडे त्यांचा वाटा ताठ मानेने मागावा. ज्या ग्रंथालयाच्या मागे तीनशे वर्गणीदारांची सही आहे त्याचे अनुदान कापताना कोणताही अधिकारी दोनदा विचार करील.

आता आपल्या ज्ञातिबांधवांनी काय करावे, हे थोडक्यात सांगतो. प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावच्या वा जवळच्या गावच्या वाचनालयाचे वार्षिक वर्गणीदार व्हावे. घरात वाचणारा कोणी नसला तरी व्हावे. घरात सून येईल, नातवंडे येतील, ती वाचतील. लग्नकार्य, बारसे, वडीलधाऱ्यांचा स्मृतिदिन या प्रसंगी आहेर व मानपान यांत जे खर्च होते त्यातील लहानसा अंश वाचनालयाच्या नावे काढावा. पुस्तके द्यावयाची तर माळ्यावरची रद्दी देऊ नये. काय हवे ते ग्रंथपालास विचारून द्यावे. आज आपली मुलेमुली स्पर्धा परीक्षांसाठी जालना, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथे भाड्याच्या खोल्यांत राहून अभ्यास करतात. तीच पुस्तके, एक शांत खोली व दिवा गावात मिळाला तर किती बापांचे कर्ज वाचेल आणि किती मुलींचे शिक्षण अर्ध्यावर थांबणार नाही! नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस वा परदेशी असलेल्या बांधवांनी हे विशेष मनावर घ्यावे. इमारत, कपाटे व ग्रंथखरेदी यांसाठी कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून साहाय्य करीत आले आहे. त्यासाठी अर्ज करणे, हिशेब नीट ठेवणे, या कामांत आपल्यातील निवृत्त शिक्षक व कर्मचारी मोलाची मदत करू शकतील.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ज्ञातिमंडळाने वाचनालयास हात दिला म्हणून ते वाचनालय ज्ञातीचे होऊ नये. ज्या राजाचे चरित्र आपण येथे वाचले त्याने वाचनालयाचे दार कोणत्याही जातीसाठी बंद ठेवू दिले नाही. सभागृह बांधून आपल्या नावाची पाटी लावणे सोपे असते व त्याचा उपयोगही असतो; परंतु वर्षातून चार दिवस ते भरते. वाचनालय रोज भरते आणि त्यात येणाऱ्या मुलास कोणी आडनाव विचारीत नाही. आपल्या मंडळाचा पैसा अशा ठिकाणी लागला तर तो खऱ्या अर्थाने ज्ञातीच्या लौकिकात भर घालील.

कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा बाराव्या वर्षी अक्षर शिकला आणि त्याने आपल्या संपूर्ण राज्याला वाचावयास लाविले. आपल्या गावात तर सातव्या वर्षी प्रत्येक मूल अक्षर शिकते. त्याच्या हातात पुस्तक देण्याचे काम तेवढे आपल्याकडे आहे, आणि त्यातील पहिला दगड ठेवण्याचा मान आपला आहे. त्या प्रजाहितदक्ष नृपतीच्या पवित्र स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.